जुनं सिलिंडर हेड कमी खर्चात दुरुस्त करताना

सिलिंडर हेड म्हणजे इंजिन ब्लॉकवर बसणारं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण. त्याच्या कामात पैसे वाया जातात ते बहुतेकदा क्रम चुकल्यामुळे. आधी फेसिंग (खालचा सपाट पृष्ठभाग, म्हणजे फेस, मशीनवर सपाट करणं) होतं, मग नवे व्हॉल्व्ह येतात, सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती गोल कड) कटिंग होतं, आणि सगळ्यात शेवटी दोन सीटांच्या मधे तडा दिसतो. तोवर केलेला सगळा खर्च त्या हेडबरोबर भंगारात जातो. म्हणून जी गोष्ट हेड बाद करू शकते ती आधी तपासायची. या तपासणीला रॉकेल, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), एक चांगली स्ट्रेट एज (अचूक सरळ कडेची पट्टी) आणि तडे दाखवणाऱ्या डायचे तीन कॅन एवढंच लागतं.

उघडणं, धुणं, मोजणं, व्हॉल्व्ह घासणं, सील बदलणं आणि परत जोडणं ही कामं घरच्या बाकावर नीट होतात. प्रेशर टेस्ट, फेसिंग, गाईड (व्हॉल्व्हचा दांडा ज्यात सरकतो ती नळी) बदलणं आणि सीट कटिंग मशीन शॉपकडे द्यावं, पण मोजमाप करून जे खरोखर लागेल तेवढंच. "सगळं करून द्या" म्हणून हेड टाकून आलात की बजेट तिथेच संपतं.

काढताना

इंजिन पूर्ण थंड हवं. अॅल्युमिनियमचं हेड गरम असताना बोल्ट सोडले तर ते वाकतं. बोल्ट आवळण्याच्या क्रमाच्या उलट, म्हणजे टोकांकडून मध्याकडे सोडायचे. पहिल्या फेरीत प्रत्येकी पाव-अर्धा फेरा, दुसऱ्या फेरीत आणखी थोडे, मग पूर्ण. हेड चिकटलं असेल तर दोन फेसच्या मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. पडलेला ओरखडा पुढे गॅस्केट गळण्याची जागा होतो. पोर्टमध्ये लाकडी दांडा घालून हलवा किंवा कडेच्या जाड कास्टिंगवर रबरी हातोडी मारा.

एक जाड पुठ्ठा घ्या, त्यावर इंजिनची पुढची बाजू बाणाने दाखवा आणि व्हॉल्व्ह, ते उघडणारे पुशरॉड, रॉकर, टॅपेट, अंतर जुळवणाऱ्या चकत्या म्हणजे शिम, बोल्ट यांना क्रमाने भोकं पाडून ठेवा. प्रत्येक व्हॉल्व्ह आपल्याच गाईडमध्ये आणि सीटवर परत गेला पाहिजे. कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याच्या) कॅपवर नंबर नसतील तर पंचाने ठिपके मारा, दिशाही दाखवा. कॅप आणि हेड एकत्र बोअर केलेले असतात. एक कॅप जरी उलटी किंवा दुसऱ्या जागी बसली तरी कॅम जाम होतो.

धुण्याआधी नीट पाहा

तेल-काजळीसकट हेड बरंच काही सांगतं, आणि धुतलं की ते सगळं निघून जातं. चारपैकी एकच चेंबर (इंधन जळण्याची पोकळी) वाफेने धुतल्यासारखं चकचकीत दिसत असेल तर तिथे पाणी जात होतं. दोन सिलिंडरच्या मधल्या अरुंद पट्टीवर काळा माग असेल तर गॅस्केट तिथून फुटलं होतं आणि हेड त्याच जागी खाली बसलेलं असण्याची शक्यता आहे. इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर ओलसर, डांबरासारखा थर म्हणजे तेल गाईडमधून किंवा सीलमधून उतरतंय. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेवर एखादी फिकट, खाल्ल्यासारखी खाच दिसली तर तो व्हॉल्व्ह गेला. त्याच्या सीटकडेही संशयाने पाहायचं. फोटो काढून ठेवा, पुढे मोजमाप करताना उपयोगी पडतात.

चेंबरमधला कार्बन व्हॉल्व्ह जागेवर असतानाच काढावा. सीट झाकलेल्या असतात, हात घसरला तरी नुकसान होत नाही. लाकडी किंवा पितळी खरवडणी आणि पितळी तारेचा ब्रश वापरा.

मग व्हॉल्व्ह काढा. प्रत्येक रिटेनरवर (स्प्रिंगवरच्या टोपीवर) सॉकेट टेकवून हातोडीचा एक हलका ठोका द्या, म्हणजे चिकटलेले कॉटर लॉक (टोपी दांड्याला धरून ठेवणारे छोटे तुकडे) सुटतात. हे केलं नाही तर स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर दाबत राहता आणि स्प्रिंग दबण्याऐवजी कॉम्प्रेसरच वाकतो. कॉम्प्रेसर नसेल तर मोठा सी-क्लॅम्प आणि लोखंडी पाइपचा तुकडा पुरतो: पाइप रिटेनरवर बसेल एवढ्या व्यासाचा घ्यायचा आणि त्याच्या कडेला लॉक काढता येतील अशी खिडकी कापायची. लॉक उचलायला चुंबक, डोळ्यांना चष्मा.

व्हॉल्व्ह सहज बाहेर येत नसेल तर ठोकू नका. रॉकर किंवा टॅपेटच्या माराने दांड्याचं टोक पसरलेलं असतं, किंवा लॉकच्या खाचेला बर (धातूची उभी राहिलेली धार) आलेला असतो. तो बारीक कानशीने उतरवा. तसाच ओढला तर गाईडला आतून लांब चरा पडतो आणि चांगलं गाईड बदलावं लागतं.

धुणं

अॅल्युमिनियमला कॉस्टिक सोडा चालत नाही. तो धातूच खातो, हायड्रोजन वायू सुटतो आणि पृष्ठभाग काळा, खडबडीत होतो. रॉकेल किंवा अॅल्युमिनियमला चालेल असं लिहिलेला डिग्रीझर, आणि शेवटी गरम पाणी व भांड्यांचा साबण एवढं पुरे. बिडाच्या हेडला कॉस्टिकची टाकी चालते, पण धुतल्यावर लगेच वाळवून तेलाचा हात फिरवा, नाहीतर काही तासांत गंज धरतो.

जुनं गॅस्केट खरवडताना ग्राइंडरला लावायच्या खरखरीत चकत्या वापरायचा मोह होतो. काम झटपट होतं, पण दोन तोटे आहेत. चकतीतून सुटलेले कण तेलाच्या वाटांमध्ये जाऊन नंतर बेअरिंग खातात; आणि जिथे चकती जास्त वेळ टेकली तिथे फेसला डोळ्यांना न दिसणारा खड्डा पडतो. रेझर ब्लेड आडवं धरून आणि गॅस्केट रिमूव्हर लावून वेळ लागला तरी हातानेच काढा. ब्लास्टिंग करायचंच असेल तर सोडा ब्लास्टिंग करून घ्या, उरलेला सोडा गरम पाण्यात विरघळून जातो. वाळू आणि काचेचे मणी वाटांमध्ये अडकून राहतात.

तेलाच्या वाटांचे प्लग काढून आत बाटलीचा ब्रश फिरवा आणि हवा मारा. काही हेडमध्ये या वाटेत बारीक भोकाचा जेट असतो; तो तुंबला की कॅम कोरडा पडतो. पाण्याचे कोअर प्लग (पाण्याच्या पोकळीची भोकं बंद करणाऱ्या टोप्या) गंजलेले असतील तर आत्ताच बदला. गाडीत बसवल्यावर त्यांच्यापर्यंत हात पोहोचत नाही.

तडे

डाय पेनेट्रंटचे तीन कॅन असतात: क्लीनर, लाल डाय आणि पांढरा डेव्हलपर. जागा पूर्ण कोरडी आणि तेलमुक्त करा, डाय मारून १० ते १५ मिनिटं थांबा. नंतर क्लीनर फडक्यावर मारून पुसा. थेट हेडवर मारला तर तड्यात शिरलेला डायही धुऊन निघतो आणि तडा असूनही दिसत नाही. मग डेव्हलपरचा पातळ थर. तडा असेल तर काही मिनिटांत पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. कास्टिंगच्या बारीक छिद्रांमुळे सुटे ठिपके दिसू शकतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. रेघ महत्त्वाची.

इनलेट आणि एक्झॉस्ट सीटच्या मधली पट्टी, सीटपासून स्पार्क प्लगच्या भोकापर्यंतची जागा, एक्झॉस्ट पोर्टचं छत, आणि डिझेलमध्ये इंजेक्टर व प्री-चेंबरच्या कडा या जागा नक्की तपासा. काही डिझेल इंजिनांचे उत्पादक सीटांमधला बारीक तडा ठरावीक रुंदीपर्यंत चालवून घेतात. ती मर्यादा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्येच पाहावी, अंदाजाने सूट देऊ नये.

डाय फक्त वरचं दाखवतो. पाण्याच्या जॅकेटमधली गळती दाखवायला दाबाची चाचणी लागते. मशीन शॉपचं हे सगळ्यात स्वस्त काम असतं आणि बाहेर पैसे द्यायचे तर आधी यालाच द्यावेत. घरी करायची झाल्यास पाण्याच्या सगळ्या वाटा रबर शीट आणि जाड पट्टीने बंद करा, एका पट्टीत ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवा, हेड गरम पाण्यात बुडवून सुमारे २ बार हवा भरा आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहा. पाणी गरमच हवं, कारण थंडीत मिटलेला तडा उष्णतेने उघडतो. दाब याच्या वर नेऊ नका. कोअर प्लग गोळीसारखा सुटू शकतो.

सपाटपणा

स्ट्रेट एज फेसवर सहा जागी ठेवा: लांबीने दोन, दोन कर्ण, रुंदीने दोन. खालून फिलर गेज सरकवा. चार सिलिंडरच्या हेडला ०.०५ मिमीपर्यंतचा बाक सहसा चालतो आणि ०.१० मिमीच्या वर बहुतेक सगळे उत्पादक नाही म्हणतात, पण शेवटचा शब्द मॅन्युअलचा. सहा इंचाच्या पोलादी पट्टीने हे मोजमाप होत नाही, आणि अॅल्युमिनियमच्या बांधकामी पट्टीने तर नाहीच. ब्लॉकचा फेसही याच पट्टीने, याच सहा रेषांवर तपासा. हेड सपाट करून वाकड्या ब्लॉकवर बसवण्यात अर्थ नाही.

ज्या हेडमध्ये वर कॅम असतो त्याचा बाक फक्त खालच्या फेसपुरता नसतो. हेड केळ्यासारखं वाकलं की कॅमच्या बेअरिंगांची रांगही वाकते. व्हॉल्व्ह नसताना कॅम तेल लावून बसवा, कॅप नेमक्या टॉर्कला आवळा आणि हाताने फिरवून बघा. कुठे अडत असेल तर खालून फेसिंग करून तो दोष जात नाही. फेस सपाट होतो आणि कॅम तसाच अडतो, पुढे तुटतो. असं हेड जाड प्लेटवर बांधून, भट्टीत तापवून सरळ करणारे कारागीर असतात, पण तो खर्च धरला की दुसरं वापरलेलं हेड शोधणं परवडतं.

किती फेसिंग करायचं? साफ होईल एवढंच. किमान उंची मॅन्युअलमध्ये दिलेली असते. वापरलेल्या हेडचं फेसिंग आधी झालेलं असू शकतं, म्हणून व्हर्नियरने आधी मोजा. ८० मिमी बोअर आणि ४०० घन सेंमी सिलिंडर धरला, तर ०.२ मिमी काढल्याने चेंबरचं आकारमान जास्तीत जास्त १ घन सेंमीने घटतं आणि ९ चं कॉम्प्रेशन सुमारे ९.२ होतं. हे चालून जातं. खरी काळजी व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधल्या अंतराची असते, आणि ओव्हरहेड कॅमच्या इंजिनात कॅम क्रँकच्या जवळ आल्याने टायमिंगही थोडं मागे सरकतं. काही डिझेल हेडचं फेसिंग करायचंच नसतं, तिथे पिस्टन आणि हेडमधलं अंतर फक्त गॅस्केटच्या जाडीने जुळवतात.

बाक मर्यादेत आहे पण फेस डागाळलेला आहे, तर हाताने साफ करता येतो. १० ते १२ मिमी जाड काच सपाट बाकावर ठेवा, त्यावर २२० नंबरचा वॉटर पेपर पाणी आणि साबणाने चिकटवा. फेसवर मार्करने आडव्या-उभ्या रेघा मारा. हेड स्वतःच्या वजनावर आठच्या आकड्यात फिरवा, वरून दाब नको. दर थोड्या वेळाने हेड उलट बाजूने धरा. रेघा सगळीकडून पुसल्या की ४०० नंबरवर थोडं फिरवून थांबा. जुन्या पद्धतीच्या कॉम्पोझिट गॅस्केटला हे पुरतं. बहुपदरी पोलादी गॅस्केटला मात्र जास्त गुळगुळीत आणि एकसारखा फेस लागतो. तिथे मशीनवरच करून घ्या.

पाण्याच्या भोकांभोवती गंजाने खड्डे पडले असतील तर ते गॅस्केटच्या फायर रिंगखाली (सिलिंडरभोवतीच्या धातूच्या कड्याखाली) येतात का हे नवं गॅस्केट ठेवून पाहा. बाहेर असतील आणि लहान असतील तर अॅल्युमिनियम मिसळलेल्या इपॉक्सीने भरून सपाट करता येतात. फायर रिंगखाली असतील तर टिग वेल्डिंग आणि त्यानंतर फेसिंग, दुसरा मार्ग नाही. वेल्डिंग नेहमी गाईड आणि सीटच्या कामाआधी, कारण त्या उष्णतेने सगळंच हलतं.

गाईड

सीट कापणारं आणि घासणारं प्रत्येक हत्यार गाईडच्या मध्यावर फिरतं. गाईड ढिलं असेल तर सीट गोल कापलीच जात नाही. आज घासून बसवलेला व्हॉल्व्ह थोड्याच दिवसांत गळू लागतो. म्हणून गाईडचा निर्णय सीटच्या आधी.

दांडा मायक्रोमीटरने तीन ठिकाणी मोजा: वर जिथे तो गाईडमध्ये घासत नाही, मधे आणि खाली. न झिजलेल्या आणि झिजलेल्या भागात ०.०३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर व्हॉल्व्ह बाजूला ठेवा. दांडा आणि गाईड यांतलं अंतर इनलेटला साधारण ०.०२ ते ०.०५ आणि एक्झॉस्टला ०.०३ ते ०.०६ मिमी असतं, ०.१० च्या आसपास गेलं की बहुतेक इंजिनांत मर्यादा संपते.

भोकाचं गेज नसेल तर व्हॉल्व्ह सीटपासून सुमारे १० मिमी उचला, त्याच्या कडेला डायल गेज टेकवा आणि व्हॉल्व्ह आडवा हलवा. हा आकडा खऱ्या अंतरापेक्षा मोठा येतो, कारण दांडा गाईडमध्ये कलतो. मॅन्युअलमध्ये हलण्याची वेगळी मर्यादा असेल तर तिच्याशीच तुलना करा. दोष कोणाचा हे ओळखायला एकच नवा व्हॉल्व्ह विकत घ्या आणि सगळ्या गाईडमध्ये घालून पाहा. नव्यानेही हलत असेल तर गाईड गेलं. नवा घट्ट बसला तर फक्त व्हॉल्व्ह बदला. रॉकर तिरकस ढकलत असेल तर गाईड एकाच दिशेने लंबगोल झिजतं, म्हणून दोन्ही दिशांना हलवून पाहा.

गाईड बदलायचं नसेल तर कांस्याची पातळ स्लीव्ह बसवून घेता येते. हा चांगला आणि स्वस्त उपाय आहे, विशेषतः बिडाच्या हेडमध्ये, जिथे गाईड हेडचाच भाग असतं. नर्लिंगही करून मिळतं: गाईडच्या आत वळ्या उठवून अंतर कमी करतात. ते विकाऊ गाडीपुरतं ठीक, वळ्या लवकर झिजतात.

गाईड स्वतः बदलत असाल तर आधी ते किती वर निघालं आहे ते मोजून लिहा. हेड ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर एकसारखं तापवा, नवी गाईड फ्रीजरमध्ये ठेवा, आणि पायरी असलेल्या ड्रिफ्टने ठोका. बर्नरची ज्योत एका जागी देऊ नका. बसवल्यावर रीमर फिरवावा लागतो आणि सीट पुन्हा कापावीच लागते.

व्हॉल्व्ह आणि सीट

व्हॉल्व्ह काचेवर लोळवून वाक बघा. व्हॉल्व्हच्या फेसच्या (सीटवर टेकणाऱ्या तिरक्या भागाच्या) वरची सरळ कड, म्हणजे मार्जिन, एक्झॉस्टला १ मिमीपेक्षा कमी राहिली असेल तर तो व्हॉल्व्ह टाकून द्या. पातळ कड लाल होते आणि जळते. वापरलेले पण मापात असलेले इनलेट व्हॉल्व्ह बिनधास्त वापरावेत. एक्झॉस्टमध्ये शंका आली तर नवा घ्या. काही एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम असतं. ते कापू नका, वितळवू नका, पाण्याशी गाठ पडली तर पेट घेतं. टायटॅनियमचे किंवा लेप दिलेले व्हॉल्व्ह पेस्टने घासायचे नसतात, लेप निघून जातो.

सीटची पट्टी इनलेटला साधारण १.० ते १.५ मिमी आणि एक्झॉस्टला १.५ ते २.० मिमी रुंद हवी. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता सीटमधूनच हेडमध्ये जाते. पट्टी फार अरुंद झाली तर व्हॉल्व्ह जळतो. फार रुंद झाली तर दाब विखुरतो, कार्बनचे कण दाबले जाऊन गळती सुरू होते.

फक्त घासून भागेल की कटर लागेल, हे सीट पाहून ठरतं. एकसारखी पट्टी, हलके करडे डाग: घासा. खोल खळगे, पट्टी एका बाजूला रुंद आणि दुसरीकडे अरुंद, किंवा गाईड नवं: कटर. मुख्य कोन बहुधा ४५ अंशांचा असतो. पट्टी व्हॉल्व्हच्या फेसवर फार बाहेर लागत असेल तर ३० अंशांच्या कटरने वरून कापून ती आत आणायची. फार आत लागत असेल तर ६० अंशांनी खालून कापून बाहेर ढकलायची. संपर्क फेसच्या मध्यावर किंवा किंचित बाहेरच्या बाजूला असावा. हाताचे कटर पायलटसकट (गाईडमध्ये बसून कटर मध्यावर ठेवणाऱ्या दांड्यासकट) भाड्याने मिळाले तर हे काम घरीही होतं; दाब एकसारखा, फेरे थोडे, आणि प्रत्येक दोन फेऱ्यांनी पाहणं.

घासताना दांड्याला तेल लावा, म्हणजे पेस्ट गाईडमध्ये उतरली तरी चिकटत नाही. व्हॉल्व्हच्या डोक्याखाली एक हलकी स्प्रिंग ठेवली तर तो आपोआप उचलला जातो आणि हात दुखत नाही. फेसवर तीन-चार ठिकाणी पेस्टचा टिपका, मोहरीएवढा. काठीचा रबरी कप बसवण्याआधी डोकं थिनरने पुसा, तेलावर तो पकड घेत नाही. तळहातांत काठी फिरवा, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे. आठ-दहा वेळा झालं की उचला, पाव फेरा पुढे ठेवा, पुन्हा सुरू. सुरुवातीला खरखर आवाज येतो, मग तो मऊ, दबका होतो. त्या वेळी पेस्ट संपलेली असते. पुसा आणि पाहा. फेसवर आणि सीटवर अखंड, एकसारखी, मंद करडी पट्टी दिसली की काम झालं. जाड पेस्ट खळगे असतील तरच, नाहीतर थेट बारीक. जाड पेस्ट तीनदा बदलूनही खळगे जात नसतील तर घासणं थांबवा. त्यापुढे व्हॉल्व्हच्या फेसवर चर पडतो, आणि चर पडलेला व्हॉल्व्ह गरम होऊन वाढला की सीटवर नीट बसतच नाही. ड्रिल मशीनला दांडा लावून गरगर फिरवण्याने गोल रेघा पडतात, ते टाळा. लहान व्हॉल्व्हला कप बसत नसेल तर दांड्याच्या टोकावर इंधनाची रबरी नळी घट्ट चढवा, हलकं ओढून बोटांनी फिरवा.

घासल्यावर पेस्टचा एक कणही राहता कामा नये. रॉकेल, मग साबण-पाणी, गाईडमध्ये ब्रश, आणि शेवटी पांढरं फडकं गाईडमधून ओढून पाहा.

बसलेपण तपासायला सीटवर पेन्सिलने दर ४-५ मिमीला आडव्या रेघा मारा, कोरडा व्हॉल्व्ह ठेवून थोडासा फिरवा. प्रत्येक रेघ तुटली पाहिजे. एका बाजूच्या चार-पाच रेघा शाबूत राहिल्या तर सीट गोल नाही किंवा दांडा वाकलेला आहे.

कापण्या-घासण्याने व्हॉल्व्ह वर सरकतो, म्हणजे दांड्याचं टोक स्प्रिंगच्या बाजूला जास्त बाहेर येतं. त्याचे दोन परिणाम. स्प्रिंगची बसलेली उंची वाढून तिचा जोर कमी होतो. तो खाली शिम घालून भरून काढता येतो. आणि टॅपेटचं अंतर (व्हॉल्व्ह बंद असताना त्याच्या टोकाशी ठेवलेली फट) घटतं. हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात टोक मर्यादेबाहेर गेलं तर टॅपेट पूर्ण दबतो आणि व्हॉल्व्ह बंदच होत नाही, म्हणून तिथे टोकाची उंची कापण्याआधी आणि नंतर मोजा. टोक घासून कमी करता येतं, पण कडक थर पातळ असतो, ०.५ मिमीच्या पुढे जाऊ नका.

स्प्रिंग, सील, जोडणी

स्प्रिंग सपाट जागेवर उभी करून काटकोनाला लावा. वरचं टोक २ मिमीपेक्षा जास्त कलत असेल तर बाद. जोर मोजायला ड्रिल प्रेसखाली वजनकाटा ठेवा, प्रत्येक स्प्रिंग बसलेल्या उंचीइतकी दाबा आणि आकडे लिहा. एखादी बाकीच्यांपेक्षा १० टक्के कमी भरली तर ती बदला. उंचीचं माप मात्र दर वेळी तंतोतंत तेच हवं.

व्हॉल्व्ह सील सगळे नवे. इथे काटकसर करू नये. इनलेट आणि एक्झॉस्टचे सील वेगळे असू शकतात, रंग पाहून घ्या. आधी स्प्रिंगखालची वॉशर, मग सील. ही वॉशर विसरली तर बसवलेला सील उपटावा लागतो आणि तो परत वापरता येत नाही. सील बसवताना दांड्याच्या खाचेवर प्लॅस्टिकची टोपी किंवा टेपचा गुळगुळीत एक वेढा द्या; खाचेची धार सीलचा ओठ कापते आणि गाडी नव्या सीलवरही धूर देते. योग्य मापाच्या सॉकेटने हाताने दाबा, तळाला टेकल्याचं कळतं.

जवळजवळ वळ्या असलेली स्प्रिंगची बाजू हेडकडे. लॉक ग्रीसने चिकटवून बसवा. मग प्रत्येक दांड्याच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने दोन-तीन ठोके द्या. अर्धवट बसलेलं लॉक आत्ताच उडू दे, इंजिनात नको. आता हेड उलटं करा, प्लग लावा आणि चेंबर रॉकेलने भरा. पाच मिनिटांत पोर्टमध्ये थेंब उतरला नाही तर सीट चांगल्या.

शिमवाल्या हेडमध्ये टॅपेटचं अंतर बाकावरच जुळवा. हेड ठोकळ्यांवर ठेवा, कारण उघडे व्हॉल्व्ह फेसच्या खाली येतात. नवी शिम = जुनी शिम + मोजलेलं अंतर − हवं ते अंतर. जुनी २.८०, मोजलं ०.१२, हवं ०.२०, तर २.७२ ची शिम लागेल. सगळ्या जागांचा तक्ता करा. आहेत त्याच शिमा अदलाबदल करून बऱ्याच जागा जुळतात, उरलेल्याच विकत घ्या.

पोर्ट चकाचक पॉलिश करणं, नवे रंग मारणं यावर पैसे घालवू नका. स्पार्क प्लगचे आटे, एक्झॉस्टचे तुटलेले स्टड मात्र आत्ताच हाताळा. तुटलेल्या स्टडवर नट ठेवून आतून वेल्ड करा. वेल्डच्या उष्णतेनेच तो सुटतो. प्लगच्या गेलेल्या आट्यांत हेलिकॉइलपेक्षा (तारेच्या वेढ्याच्या आट्यापेक्षा) भिंत असलेली बुश जास्त टिकते.

बसवताना

ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांतलं तेल-पाणी हवेने पूर्ण उडवा. बंद भोकात द्रव राहिला तर बोल्ट आवळताना त्याला जायला जागा नसते आणि ब्लॉक तडकतो. टॉर्क टू यील्ड बोल्ट ताणून बसवायचे असतात, ते नवेच घ्या. साध्या बोल्टची लांबी एकमेकांशी ताडून पाहा, ताणलेला लगेच कळतो. आट्यांना आणि बोल्टच्या डोक्याखाली तेलाचा हलका हात, मॅन्युअलमध्ये कोरडे सांगितले नसतील तर. गॅस्केट कोरडं. पिस्टन सगळे सिलिंडरच्या मध्यावर आणा म्हणजे हेड ठेवताना उघडा व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाही. आवळणं मध्यापासून टोकांकडे, दिलेल्या टप्प्यांत. अंश सांगितले असतील तर अंदाजाने नाही, कोनमापक लावून.

टायमिंग बसवून क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवा. कुठे कडक अडलं तर जोर लावू नका, खुणा पुन्हा पाहा. सुरू केल्यावर पाण्यातली हवा काढा. पूर्ण गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर पाण्याची पातळी पाहा, आणि जुन्या कॉम्पोझिट गॅस्केटला मॅन्युअलमध्ये पुन्हा आवळायला सांगितलं असेल तर तेही करा. बहुपदरी पोलादी गॅस्केट पुन्हा आवळत नाहीत. घन (हायड्रॉलिक नसलेल्या) टॅपेटच्या इंजिनात हजार किलोमीटरच्या आत अंतर पुन्हा मोजा. नव्या कापलेल्या सीट थोड्या बसतात, आणि घटलेलं अंतर एक्झॉस्टच्या बाजूला आधी दिसतं.